गप्प राहण्याचा धडा

सुतार तोंडाचा फटकळ, पण शास्त्राचा पक्का. दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत तो पोरांना धडा द्यायचा, आणि त्याचा लाडका धडा एकच: जुन्या संदेष्ट्याने सांगितलेला तो सेवक, जो दुसऱ्यांचं दुखणं अंगावर घेतो आणि तोंडातून ब्र काढत नाही.

"हा सेवक कोण?"

"येशू!" पोरं ओरडायची.

"आणि प्रेम म्हणजे काय?"

"गप्प राहून सोसणं!"

हे उत्तर सुताराचं स्वतःचं. खिळा ठोकावा तसं त्याने ते पोरांच्या डोक्यात बसवलं होतं. त्याची थोरली लेक आणि धाकटा लेक याच खोलीत ते घोकून मोठे झाले होते.

आता दोघंही कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला होते. मागच्या आठवड्यात भट्टीचं दार उघडं राहिलं, ठिणगी उडाली आणि पिठाची खोली जळाली. भट्टीवर कोण होतं, असं मालकाने विचारलं, तर धाकटा जमीन बघत बसला आणि थोरलीही गप्प. तिचा उजवा हात भाजलेला. मालकाला वाटलं, हिचंच काम. त्याने तिला काढून टाकलं.

सुताराचा पारा चढला. "चूक झाली तर झाली म्हणावं की! मुक्यासारखी उभी राहिलीस आणि बापाचं नाक कापलंस!" त्याने तिला दूरगावी आत्याकडे धाडायचं ठरवलं. उद्या सकाळची गाडी होती.

आणि नेमकं आज बेकरीला नवं दार बसवायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. तो बिजागऱ्या ठोकत असताना समोरची औषधवाली रस्ता ओलांडून आली.

"दादा, पोरीचा हात कसा आहे?"

"करावं तसं भरावं," सुतार म्हणाला.

"अहो, काय बोलता हे! धूर निघाला तेव्हा ती माझ्या दुकानात पाव द्यायला आली होती. भट्टीवर तुमचा लेक होता. त्याला ओढून काढायला गेली आणि भाजली. मी मालकाला सांगणार होते, तर माझ्या पाया पडली, मावशी, बोलू नका म्हणून. पण बापानेच असं बोलावं म्हणजे हद्द झाली!"

सुताराचा हातोडा हातातच राहिला. आणि खरं सांगायचं तर आधी त्याची छाती फुगली. शुक्रवारच्या धड्याला याहून चांगला दाखला कुठे मिळणार? घरी येईपर्यंत तो मनात धडाच जुळवत होता. धन्य तो बाप!

घरात धाकटा मजेत जेवत होता. "ताई, मीठ दे गं," म्हणत होता. थोरली डाव्या हाताने कपडे पेटीत भरत होती, कारण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तो हात बघितला आणि सुताराचा जुळवलेला धडा कुठल्या कुठे गेला.

"का गं बोलली नाहीस?"

बाबांना सगळं कळलंय, हे थोरली समजली. "तुम्हीच शिकवलंत ना, बाबा. याची नोकरी गेली असती."

"अगं वेडे, त्या सेवकाने सोसलं ते लोक बरे व्हावेत म्हणून. इथे कोण बरं झालंय? याच्या घशाखाली घास तर झकास उतरतोय!" सुतार लेकाकडे वळला. "ऊठ. मालकाकडे चल."

धाकट्याने ताट सरकवलं.

"बाबा, नको ना!" थोरली मध्ये आली. "मग मी सोसलं ते सगळं वाया जाईल."

"जाऊ दे वाया!" सुताराला भडभडून आलं. "येशूने सोसलं ना एकदा, सगळ्यांसाठी? तो देवाचा कोकरा होता. तू माझी लेक आहेस. तुला कुणी बळी जायला सांगितलं?"

धाकटा उठला आणि रडत रडतच चपला शोधायला लागला.

थोरली पेटीवर मटकन बसली. आठवडाभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"बाबा," ती म्हणाली, "हात फार दुखतो हो."