कुणावर गेलीय?

नाक बापाचं. भुवया माझ्या. हनुवटी सासूबाईंच्या माहेरची.

आणि स्वमग्नता?

ती कुणाचीच नाही. ती माझ्या शिलाई मशीनची! "पोटुशी असताना दिवसभर खडखड. पोरीच्या डोक्यात शिरणार नाही तर काय?" लेक बोलेना तेव्हापासून हेच ऐकतेय. आता पुन्हा दिवस गेलेत, तर सासूबाईंनी मशीनवर चादरच टाकली. गिऱ्हाइकं परत.

म्हणून आज आनुवंशिकतेच्या डॉक्टरीणबाई. बाकावर आई, सासूबाई, मध्ये मी. लेक खिडकीपाशी. उडी, उडी, कान झाकून उडी.

"घरात आणखी कुणाला स्वमग्नता?"

"छे! आमच्यात नाही," सासूबाई.

"आमच्यात तर नाहीच नाही," आई.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. तऱ्हेवाईक कोण?"

आणि

अहो, काय सांगू

"तऱ्हेवाईक होय! मग बसा निवांत. माझे धाकटे दीर. ताटात दोन पदार्थ एकमेकांना टेकले की उठलेच!" सासूबाई.

"हात्तिच्या! माझा भाऊ बँडच्या आवाजाने लग्नातून पळाला. स्वतःच्या!" आई.

"आमच्या नणंदबाईंना गावातल्या सगळ्या बसचे नंबर"

"आमची आत्या तर"

"माझं होऊ द्या आधी!"

डॉक्टरीणबाईंचं पेन पुरेना. मी हसतेय, रडतेय, मध्येच विचारते, "आणि सासूबाई, नव्या पोलक्याचं लेबल पहिल्यांदा कोण उसवतं?"

सासूबाईंचा हात मानेकडे गेला. "टोचतं गं ते."

"तिलाही टोचतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकच जनुक सापडेल असं नसतं. पुष्कळदा शेकडो असतात, थोडी इकडची, थोडी तिकडची. काही बदल बाळातच नव्याने होतात. तुमच्या दिरांमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण मशीनमुळे नाही, हे नक्की म्हणते."

"आणि या बाळाला?" मी पोटावर हात ठेवला.

"शक्यता इतरांपेक्षा जास्त. खात्री कशाचीच नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. लेकीकडे पाहिलं. "मग शिव बाई तू," पुटपुटल्या. "माझंच चुकलं." आणि एकदम, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, "माझ्यावर गेलीय पोर!"

"अर्धी आमची," आई.

"बरं, अर्धी. पण जास्तीची अर्धी माझी."