टोपीबद्दल विचारू नका

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोसाठी तुम्ही बाकावर रांगेत बसला आहात, आणि स्टुडिओवाली मावशी आत फोटोमागचा पडदा बदलते आहे. तेवढ्यात माझं सांगून होईल. फक्त त्या खिळ्यावरच्या गुलाबी टोपीकडे बघू नका, मित्रांनो. ती मावशीची अंघोळीची टोपी आहे. तिचा आणि माझा काडीचाही संबंध नाही.

माझ्या कंपनीचं नाव अचल. ती बुडून बारा वर्षं झाली, मी अजून तरंगतोय. एका लांबलचक पांढऱ्या खोलीत माझा जन्म झाला. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका माझे एकशे तीन स्क्रू आवळत होत्या. एकीला शिंक आली, तर तिला बाहेर काढलं, मला नाही! तो माझा पहिला मान.

तेव्हापासून मी या स्टुडिओत आहे. एकदा शिडीवरून पडलो, तर फरशीला तडा गेला. तो काय, तुमच्या बाकाखाली आहे. एका लग्नात कुणाच्या तरी आत्याबाईंनी माझ्यावर सरबताचा अख्खा पेला उपडा केला. मी तो पिऊन टाकला. पुढचे दहा फोटो जरा गोड आले, एवढंच.

माझ्या फोटोंचा आकडा नऊ हजार नऊशे नव्याण्णववर गेला की पुन्हा एकपासून सुरू होतो. हे मावशीच्या धाकट्या भावाच्या डोक्यात शिरत नाही. "ताई, हा बघ," तो परवा म्हणाला, "चारशे बारा फोटो काढलेत फक्त, आणि शटर असं खोकतं!" अरे शहाण्या, ते माझं आठव्या फेरीतलं चारशे बारा होतं!

पण त्यानं मनावर घेतलं होतं. दोन नवे कॅमेरे आणले. एक मोठा काळा, कंपनी सम्राट. दुसरी चपटी चंदेरी, कंपनी चपळा. आणि टेबलाखाली एक खोका सरकवला, त्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'भंगार'.

"शुक्रवारी गाडी येते," तो म्हणाला. "अचलला निरोप दे."

बुधवारी गिरणीवाले काका आले. खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. "ताई, वडिलांची जुनी चक्की उद्या दुपारी दोनला मोडणार. त्याआधी शेवटची चालवतोय. फिरत असताना तिचा एक फोटो हवा. बंद चक्कीचा नको हां, बंद चक्की म्हणजे नुसते दोन दगड. एकदा मोडली की संपलं."

"नवे दोन्ही ने, ताई," भाऊ म्हणाला. "खोक्यावर छापलंय, धूळ आत जात नाही."

"छापलंय ना, मग त्यांची काळजीच मिटली. म्हाताऱ्यालाही घेते."

"कशाला?"

"मला सवय आहे त्याची."

गुरुवारी एक वाजता आम्ही गिरणीत. पट्टा सुरू झाला आणि मित्रांनो, पिठाचं असं धुकं उठलं की काकांच्या मिशा कुठल्या आणि पीठ कुठलं ते कळेना. चपळेनं भिंगाचं नळकांडं बाहेर काढलं, ते आत जाईना. कर्र, कर्र, आणि तिनं डोळे मिटले. सम्राटाचा फोटो आला, पण काका देवी आल्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे.

"राहू द्या ताई," काका म्हणाले. "नशिबात नाही."

"राहू कसं देते? म्हातारा आहे अजून. चालू ठेवा तुम्ही."

मावशीनं मला उचललं. मी खोकलो. चारशे तेरा!

तो बघा समोर भिंतीवर. पट्टा धूसर, चक्की फिरती, आणि तिच्या कडेवर काकांचा हात, लहानपणी वडिलांचा धरला असेल तसा. दोन वाजता चक्की मोडली. हा फोटो राहिला. काकांकडे एक आणि आमच्याकडे एक. डाव्या कोपऱ्यात गुलाबी झाक दिसते ना? ती मावळतीची. कलाकारी म्हणतात तिला.

एवढं झालं, तरी भाऊ काय म्हणतो? "एकदा चाललं म्हणून काय? नशीब." आज शुक्रवार आहे. खोका तिथंच आहे, गाडी कधीही येईल. म्हणून तर तुमच्यापुढे घसा फोडतोय! मावशी बाहेर आली की सगळ्यांनी एका सुरात सांगा: अचलला कुणाच्या काळजीची गरज नाही. चपळेला जपा, सम्राटाला पुसा, मला नको! मी उघड्या अंगानं त्या पिठात उभा राहिलो. अंगावर एक चिंधीसुद्धा नव्हती. जे केलं ते माझ्या एकशे तीन स्क्रूंनी, कुणी मला झाकलं नाही, कुणी...

"खोटं!" दोन वेण्यांची ती मुलगी बाकावर उभी राहून ओरडली. "ए आजोबा, दुपारी एक वाजता कुठली आलीय मावळती? त्या टोपीला मधोमध भोक आहे, बरोब्बर तुझ्या भिंगाएवढं! आणि ती ओली आहे, अजून ठिबकतेय. भंगारात द्यायचं असतं, तर मावशीनं तुझी टोपी धुतली कशाला असती?"