पहिला टोमॅटो पिकला की जा

मोठ्या जाऊबाईंनी जायचं ठरवलं आणि मला सांगितलं ते भाजी निवडता निवडता, जणू उद्या दूध जास्त घ्यायचंय. "मुलाकडे जाऊन राहीन म्हणते. कायमचीच. थंडी पडायच्या आत निघेन." मी मशीनवर कोणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. सुई भलतीकडेच पळाली. सगळी शिवण उसवावी लागली.

आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले. मागे आम्ही दोघी, खाली त्या आणि वर मी. चहा मात्र एकाच पातेल्यात. मी तापट, तोंडाने फटकळ. त्या इतक्या शांत की मी भांडायला जावं तर समोर भांडायला कोणी नाहीच! तरी दिवसातून एकदा त्यांच्यावर करवादल्याशिवाय मला जेवण जात नाही.

"जाऊ नका" एवढंच म्हणायचं होतं. पण गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी, नेमकी तिथे माझी दातखीळ बसली. तोंडातून निघालं ते भलतंच. "जा की. पण गच्चीवर टोमॅटो लावायचे म्हणत होतात ना कधीपासून? ते लावू या. पहिला टोमॅटो पिकला की जा."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि मान डोलावली.

रोपं आणायला गेलो तर रोपवाला हसायलाच लागला. "आत्ता टोमॅटो? हंगाम गेला, बाई. फुलं येतील, फळही धरेल. पण आपल्या ह्या थंड गावात पिकायला ऊन कुठून आणणार?" मला मनातून उकळ्या फुटत होत्या. टोमॅटो काही पिकत नाहीत, आणि जाऊबाई शब्दाच्या पक्क्या. चेहरा पाडून म्हटलं, "द्या हो, बघू नशीब."

पण बाईने त्या कुंड्यांमागे जिवाचं रान केलं. सकाळी ऊन एका कठड्याशी, दुपारी दुसऱ्या. त्या कुंड्या ओढत उन्हामागे फिरायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण मला हात लावू द्यायच्या नाहीत. संध्याकाळी गार वारा सुटला की कुंड्या जिन्यात. मी खालून ओरडायची, "अहो, लेकरं आहेत का ती?" झाडं मात्र मस्त वाढली. पिवळी फुलं आली, हिरव्या गोट्यांएवढी फळंही धरली. मी रोज हळूच वर जाऊन ती अजून हिरवीच आहेत ना, ते बघून यायची.

मग एका सकाळी कपडे वाळत घालायला वर गेले तर जाऊबाई कुंडीपाशी वाकलेल्या. नखाने एकेक फूल खुडत होत्या. फुलं संपली तसा झाडाचा शेंडाही मोडला. मी ओल्या चादरीआड उभी, श्वास रोखून. अगं बाई! म्हणजे ह्यांनाही जायचं नाही! फूलच नाही तर टोमॅटो कुठला? मी पाऊल न वाजवता खाली आले आणि आलं ठेचून चहा टाकला. पुढचे काही आठवडे माझे असे गेले की विचारू नका. एका बाईने ब्लाउज तिसऱ्यांदा ढिला करायला आणला, तर मी तिलासुद्धा हसून बसायला सांगितलं.

फुलं खुडली ह्या आनंदात मी फळांकडे बघायचंच विसरले. महिन्याभराने कपडे वाळत घालताना पाहिलं तर पानांमागे एक टोमॅटो लालबुंद. त्याच्या शेजारचाही रंगावर आलेला.

मी तरातरा खाली आले. जाऊबाई पलंगावर बॅग उघडून साड्या घड्या करत होत्या.

"तो पिकला कसा?" मी कडाडले. "फुलं तर तुम्ही तोडत होतात! ह्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"अगं, तोडायचीच असतात. मी परत जाऊन रोपवाल्याला विचारून आले. उशिरा लावलं की नवी फुलं ठेवायची नाहीत, शेंडा खुडायचा. मग झाडाचा सगळा जोर धरलेल्या फळांत जातो. लवकर पिकतात."

"एवढी घाई झाली होती तुम्हाला जायची?"

जाऊबाईंनी हातातली साडी खाली टाकली. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "मला घाई? जाते म्हटलं तर 'का जाता' एवढंसुद्धा विचारलं नाहीस. वर म्हणालीस, पिकला की जा. मी म्हटलं, हिला माझा कंटाळा आला. कशाला उगाच हिला अडकवून ठेवा!"

मला रडूच फुटलं. तेही हळू नाही, चांगलं भोकाड. "अहो, पिकू नयेत म्हणून तर लावले होते! हंगाम गेलाय हे काय मला कळत नव्हतं?"

त्या पलंगावर मटकन बसल्या. "मग राहा म्हणायला काय झालं होतं तुला?"

"राहा!"

"अशी खेकसून?"

"राहा म्हणतेय ना, ताई! आता काय पाया पडू?"

त्यांनी डोळे पुसले. "मुलाला फोन लाव. तूच बोल. मी सांगितलं तर म्हणेल, आई भिडेपायी राहतेय."

फोन लावला. तो म्हणाला, "काकू, आईची खोली तयार आहे. कधी निघतेय ती?"

"येत नाही ती."

"का? तब्येत बरी आहे ना?"

गुडघे, थंडी, लांबचा प्रवास, सगळ्या सबबी जिभेवर तयार होत्या. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हटलं, "तब्येत उत्तम आहे रे. तुझी आई गेली तर मी एकटी पडेन. मला ती इथे हवी आहे."

जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "ऐकलंस ना, काय म्हणाली ते?" त्याने उत्तर द्यायच्या आतच फोन परत माझ्यापुढे धरला. "पुन्हा सांग. त्याला नीट ऐकू गेलं नसेल."

त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मी पुन्हा सांगितलं.