पायलच्या यंत्राची गार बाजू

सकाळपासून तिसऱ्यांदा पायलचा दिवा लागला आणि विझला.

"काहून विझते वं?" भीमाबाईंनी नातीला विचारलं.

"आजी, एक बाजू गरम और दूसरी ठंडी चाहिए. यहाँ तो दोनों तप रही हैं!"

पायल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुपारी नवा रायपुरात परीक्षकांसमोर अर्धा तास दिवा टिकला नाही, तर वर्ष गेलं. तिचं यंत्र होतं बर्फाळ डोंगरावरच्या, माणूस फिरकत नाही अशा हवामान केंद्रासाठी. खऱ्या यंत्रात किरणोत्सारी धातूची वडी असते. ती वर्षानुवर्षं आपसूक गरम राहते आणि त्या उष्णतेची वीज होते. कॉलेजात तसली वडी कोण देणार? पायलने जुनी इस्त्री लावली होती. पण मे महिन्यातल्या रायपुरात गारवा कुठून आणायचा?

"बरफ ठेव ना."

"दस मिनट में पानी!"

भीमाबाईंनी तीस वर्षं स्टेशनावर पाणी पाजलं होतं. गाडी थांबली की खिडक्यांबाहेर टांगलेल्या छागली भरून द्यायच्या. जाड कापडाच्या त्या पिशव्या वाऱ्यावर सुकता सुकता पाणी असं गार करायच्या, की दात शिवशिवत. आता गोलबाजारात छागल मागितली तर दुकानदार हसतो.

त्यांनी पेटीच्या तळातून छागल काढली. "तुह्या आज्याची हाय. भिजू दे तासभर. कापड फुगलं का गळत नाही."

तासाभरानं पाण्यानं भरलेली छागल यंत्राच्या दुसऱ्या बाजूच्या पत्र्याला टेकवली. दिवा लागला. राहिला!

"आजी, तुम भी चलो!"

"मले काय समजते त्यातलं?" म्हणत भीमाबाई कधीच्या ऑटोत बसल्या होत्या, मांडीवर छागल घेऊन.

परीक्षकांसमोर अर्धा तास दिवा हलला नाही. पण त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला. "पहाड़ पर ये थैली कौन भरेगा?"

 भीमाबाईंनी नातीकडे पाहिलं.

"सर, वहाँ ठंड मुफ़्त की है," पायल म्हणाली. "थैली तो रायपुर के लिए है."

साहेब मोठ्यानं हसले. कागदावर सही झाली. मग त्यांनी छागलीकडे बोट दाखवलं. "बचपन के बाद आज देखी. एक गिलास मिलेगा, दीदी?"

"आता नाही, साहेब," भीमाबाई म्हणाल्या. "हिच्या इस्त्रीनं पार चहाचं पाणी करून ठेवलं. थांबा, ताजं भरून खिडकीत टांगते."