बीएचटीची निर्दोष मुक्तता

आसावरीच्या बाळंतपणाला पाच आठवडे उरले होते आणि नीलिमाचे हात फुटले होते. पेरांवर लाल चट्टे, तळव्यांना भेगा. साधा पेला धरतानाही माझी पत्नी ओठ आवळून घेई. लेक आसावरी मास्ट्रिख्टला, आम्ही त्याच देशात पण दूर उइटहॉर्नला. नातवंडाला पहिला महिना आपणच तेल लावायचे, हे नीलिमाने लेकीला केव्हाच बजावून ठेवले होते.

"असल्या हातांनी त्याला उचलू तरी कशी?" ती एके सकाळी म्हणाली.

निदान माझ्यापाशी तयार होते. शेजारचा भीमसेन सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. थंडीने हात कोरडे पडतात म्हणून त्याने तिला एक मलम दिले होते. नळीवरची घटकांची यादी मी भिंग घेऊन वाचली. शेवटून दुसरे नाव बीएचटी: तेलकट पदार्थ हवेने खवट होऊ नयेत म्हणून घालायचे कृत्रिम रसायन. चौथ्याच दिवशी मी ती नळी कपाटात बंद केली आणि शुद्ध खोबरेलात संत्र्याच्या सालीचे तेल मिसळून तिच्या हातांना रोज दोनदा स्वतः चोळू लागलो. दोन आठवड्यांनी चट्टे उठले. रसायनाचा अंमल सावकाश प्रकट होतो, असा युक्तिवाद मी केला, आणि तो मला पूर्णपणे पटला.

हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या डच कुटुंबवैद्याने, इस्पितळाच्या त्वचाविभागाकडे चिठ्ठी दिली. त्याच संध्याकाळी भीमसेन विचारपूस करायला आला. त्याने खिडकीतली संत्र्याच्या तेलाची बाटली उचलून हुंगली.

"काका, ही उघडली कधी?"

"दोन वर्षे झाली असतील. शुद्ध वस्तूला कसली मुदत?"

"वार्निशसारखा वास येतोय हिला. हवा लागली की यातला एक घटक बदलतो आणि कातडीला चावतो. बीएचटी असतं तर हवेचा मारा त्यानं स्वतःवर घेतला असता."

"हे तुझ्या प्रयोगशाळेचे मत झाले!"

"मग माझं मत सोडून द्या. माझी नळी न्या, तुमची बाटलीही न्या. डॉक्टरांना दोन्ही तपासू द्या."

"अहो, न्या की," नीलिमा म्हणाली. "हरलात तर मला हात परत मिळतील. जिंकलात तर त्या बिचाऱ्याला तुमचं व्याख्यान."

मी दोन्ही नेली ती भीमसेनला खोटे पाडण्यासाठीच. हे लपवण्यात अर्थ नाही. नीलिमाच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या आणि आणखी दोन दिवसांनी अखेरची पाहणी झाली. डॉक्टरीणबाईंनी एकेका खुणेवर बोट ठेवले. मलमाची जागा स्वच्छ. बीएचटी वेगळे लावले होते, तीही स्वच्छ. माझ्या तेलाच्या जागी मात्र लालभडक, फोडांनी भरलेला चौकोन.

नीलिमाला स्वतःची पाठ दिसत नव्हती. "काय आहे हो? बोलत का नाही?" तिने विचारले, आणि लगेच म्हणाली, "गप्प आहात, म्हणजे तुमचंच तेल."

"माझेच," मी म्हणालो. "मीच चोळत होतो, नीलिमा."

"चोळत होतात हे खरंच," ती म्हणाली. "न चुकता, दोन्ही वेळा." त्या वाक्यात टोमणा किती आणि माया किती, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

घरी न जाता मी आधी भीमसेनच्या दारात उभा राहिलो. वाद मी जन्मभर घातले. पण स्वतःची नळीही संशयिताच्या पिंजऱ्यात उभी करा म्हणणारा प्रतिवादी मला प्रथमच भेटला होता. हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले.

"ते राहू द्या, काका. हात कधी बरे होतील म्हणाल्या?"

"तीन आठवडे. सुगंधी काहीही लावायचे नाही."

"मग बाळाच्या आधी होतायत की!"

झालेही तसेच. आता मास्ट्रिख्टला आसावरीच्या न्हाणीघरात नीलिमा पाय पसरून बसली आहे. पायांवर आठ दिवसांचा नातू आहे, आणि तिचे भरून आलेले तळवे बिनवासाच्या तेलाने त्याच्या छातीवरून फिरत आहेत. मी दारातून भीमसेनला फोन लावला आहे.

"रडतोय की तो!" पलीकडून भीमसेन म्हणतो.

"रडू दे," नीलिमा आतून ओरडते. "भीमसेनला सांगा, अजून बाळाची पाठ चोळायची राहिलीय!"