साडेतीन फुटांची वाट

टेपच्या टोकाला माती लागली होती. पत्र्याच्या त्या चिमुकल्या पट्टीवर, जिथून पहिला इंच सुरू होतो तिथेच, ओली काळी माती — आणि ही तिची शिवणाची टेप, पस्तीस वर्षांत बायकांच्या खांद्या-कमरेखेरीज कशालाही न लागलेली. तिने नखाने ती खरवडली. म्हणजे हे आज पुन्हा मागच्या अंगणात जाऊन आले. गवतावरचं दव गोठून पांढरं झालंय, दाराबाहेर नाक काढवत नाही, आणि हे...

नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसला होता. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले, घरातल्या एका कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि निवृत्तीला तीन वर्षं झाल्यावर अचानक बाग. तीही सावकाश. ‘थंडीत फक्त आखायचं,’ तो म्हणाला होता, ‘ऊन कुठे किती वेळ टिकतं ते बघायचं. मातीला हात थंडी सरल्यावर.’ दोन महिने हेच चाललं होतं — दिवसाला एक रेघ काढायची, दोन पुसायच्या.

दोन महिने. तिने बोटांवर मोजलं. बरोबर, तपासण्यांनंतरच. सुईत दोरा ओवताना डाव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मागच्या पायरीवर एकदा पाऊल अडखळलं, म्हणून डॉक्टरांकडे गेलो; तर रिपोर्ट आणायला मात्र हे एकटेच. ‘काही नाही गं, वयाचं आहे.’ आणि कागद? ‘असेल कपाटात.’ कपाटात नव्हता. गादीखाली नव्हता, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातही नव्हता. आणि नणंद — तीस वर्षं परिचारिका होती, फोन करायला तिला कधी सवड नसायची — ती आता रोज सकाळी विचारते, ‘झोप लागली का गं नीट?’

चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने ती कागदावर वाकली. वाफे जमिनीवर नव्हतेच. विटांच्या उंच ओट्यांवर होते.

“एवढे उंच कशाला?”

“वाकायला नको.”

“कोणाला?”

“कोणालाही.”

उंची अठ्ठावीस इंच. तिला हसू आलं, कडवट. नळवाल्याला फसवता येईल, शिंपिणीला नाही. उभ्या माणसाची कंबर चाळीस इंचांच्या आसपास असते. अठ्ठावीस इंच म्हणजे शिवणाच्या मशीनचं टेबल — बसलेल्या माणसाचं कोपर. आणि दोन ओट्यांमधली ही वाट, साडेतीन फूट?

“हातगाडी जायला,” तिने विचारायच्या आतच तो म्हणाला. “मातीची.”

“आणि पायऱ्या कुठे गेल्या?”

“उतार करू. पायऱ्या निसरड्या होतात.”

चपला कुठल्या घ्याव्यात यावर अर्धा तास घोळ घालणारा माणूस, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार! तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मान खाली, पेन्सिल कानामागे. तो उठला, पट्टी आणायला दोन पावलं गेला, आणि जाताना त्याने खुर्चीची पाठ धरली, मग टेबलाची कड, मग भिंत. हे केव्हापासून? त्या दिवशी दवाखान्यात, ‘आलोच आहे तर’ म्हणत त्याने स्वतःचंही रक्त तपासायला दिलं होतं की. मग तो कागद कोणाचा? आणि या वाटेवरून जाणारी चाकांची खुर्ची कोणाची?

दुखणं त्याचंच असू दे — हा विचार एवढा सरळ, एवढा बिनबोभाट आला की तिला तो आपला वाटेना. त्याचंच असू दे, माझं नको. अडतीस वर्षांचा संसार, आणि आत हे बसलंय होय? ती सिंककडे वळली, धुतलेलाच कप पुन्हा धुतला. अंगठा थरथरत होता. पाणी गार होतं म्हणूनही असेल.

विचारावं सरळ? ‘अहो, कोणाला काय झालंय?’ चार शब्द. पण ते विचारले की तो मान वर करील, आणि मान वर केलेल्या त्या चेहऱ्यावर जे असेल ते मग घरात राहायला येईल.

ती हात पुसत परत आली, तेव्हा तो पट्टी लावून रेघ ओढत होता. बोट ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं.

“इथे वळणार नाही.”

“काय वळणार नाही?”

“हातगाडी,” ती म्हणाली. “साडेतीन फूट सरळ जायला ठीक आहे. वळायला पाच तरी हवेत.”

पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मग त्याने खोडरबर घेतला आणि कोपरा पुसू लागला, अगदी हळू.

“इकडचा ओटा मग लहान होईल,” तो म्हणाला.

“होऊ दे. पुदिना मावेल तेवढ्यात. घेवडा भिंतीला लावा, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं.”

“तुला कसं माहीत?”

“मीही बघते ना रोज.”

आता तो विचार करत असणार — हिला किती कळलंय, कोणी सांगितलं, बहिणीने तोंड उघडलं की काय. करू दे. दोन महिने जे एकटीने पोटात धरलं होतं त्यातलं निम्मं टेबलापलीकडे गेलं होतं. तिला हलकं वाटलं. आणि मग, त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसताना, त्या हलकेपणाचाच तिला संशय आला: ओझं वाटून गेलं म्हणून हलकं वाटलं, की ते त्याचंच असेल म्हणून?