न फवारलेली चार तासं

उंद्रीच्या पंजाबरावांच्या पाच एकर सोयाबीनमधला एक एकर पिवळा पडला होता. त्यांची मुलगी वंदना नुकतीच कृषी पदवी घेऊन घरी आली होती. तिने एक झाड निरखून पाहिलं. खालची पानं हिरवीगार. पिवळी होती ती शेंड्याची, आणि त्यांच्याही शिरा हिरव्याच.

"लोह कमी पडलं, बाबा. आपल्या चुनखडीच्या रानात ते असते, पण मुळाले उचलता येत नाही. पानावरून द्या लागते."

पंजाबरावांची तयारी झालीच होती. अळीचं औषध, विद्राव्य खत, लोहासाठी हिराकस, सगळं एकाच ड्रममध्ये. मजूर एकदाच लावायचे, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. वंदनाने तेच तिन्ही थोडंथोडं काचेच्या ग्लासात कालवलं. थोड्या वेळात तळाशी गाळ बसला.

"हे तुमचं लोह. पानात काय, नोझलमधूनही जाणार नाही."

पंजाबरावांनी ग्लास उजेडात धरून पाहिला.

"बरं. पिवळा एकर तुह्या हाती. हिरवा नाही झाला, तं पुढच्या साऱ्या फवारण्या मी सांगीन तशा."

"कबूल."

सकाळी ऊन चढायच्या आत तिने एकट्या हिराकसाची फवारणी केली. पाण्यात फक्त चिमूटभर लिंबूसत घातलं. मधली चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, मात्र कोरी सोडली.

"हे काऊन सोडले वं? थकली का?"

"नाही तं उघाड पडली म्हणून हिरवं झालं, असं तुम्हीच म्हणसान."

"म्हणलोच असतो," पंजाबराव म्हणाले.

आठव्या दिवशी एकर हिरवा झाला होता आणि मधोमध चार पिवळे पट्टे उभे होते. वंदना पंप भरून निघाली, तर बांधावर बाबा शेजारच्या अर्जुनरावांना घेऊन उभे.

"औषध पुरलं नाही वाट्टे," अर्जुनराव हसले.

"पुरलं ना. मुद्दाम ठेवले. त्याच्याबिगर कळते कसं, हिरवं कायनं झालं ते?" पंजाबराव म्हणाले.

"आता मारून घेतो बाबा, उगाच पिकाचा उतारा जाईन," वंदना म्हणाली.

"हात लावू नको. उद्या पिंपळगावचे पाव्हणे येऊन राह्यले पाह्याले."

एकेका तासासाठी बांधकऱ्याशी भांडणारा माणूस चार तासं खुशाल सोडून देत होता. वंदनाने पंप उतरवला.

"आन् उरलेले चार एकर?" तिने विचारलं.

"ते मले काय विचारतं?" पंजाबराव अर्जुनरावांकडे पाहत म्हणाले. "अळीचं औषध कधी मारायचं, ते तूच सांग. मजूर मी आणतो."